उंबरठ्यापाशी थांबलेले दूरशिक्षण

माननीय संपादक यांस,

स. न. वि. वि.

सध्या प्रवेशाचे दिवस आहेत आणि घरबसल्या डिझाइन शिकवणाऱ्या पदविका व पदवी अभ्यासक्रमांच्या जाहिराती रोज पाहायला मिळत आहेत. अंतर्गत सजावट, वस्त्र, दृश्यसंवाद, वापराच्या वस्तू, मोबाइलवरील अ‍ॅपची रचना अशा अनेक शाखा त्यांत आहेत. गेली अकरा वर्षे मी दूरशिक्षणातून डिझाइन शिकवते आणि त्याआधी बारा वर्षे एका महाविद्यालयाच्या कार्यशाळेत शिकवत होते. त्यामुळे या जाहिरातींचा मला आनंदच वाटतो. दिवसभर शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईला, सुतारकामाच्या दुकानात वडिलांच्या हाताखाली असणाऱ्या मुलाला किंवा लहान मूल पदरी असलेल्या सुनेला पुण्या-मुंबईत चार वर्षे राहून हा विषय शिकणे कधीच शक्य झाले नसते. अशी माणसे आज माझ्या वर्गात आहेत आणि ती उत्तम काम करतात. मात्र डिझाइन शिकवणारा हा अभ्यासक्रम स्वतः कोणाचा विचार करून रचला आहे, हा प्रश्न ना संस्था विचारतात, ना पालक, ना वर्तमानपत्रे. तो प्रश्न आपल्या वाचकांपुढे ठेवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. विषय तपशिलाचा असल्यामुळे पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

तीन वर्षांपूर्वी हिंगोली जिल्ह्यातल्या एका मुलीने आमच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. तिची दृष्टी जन्मापासून अत्यंत क्षीण आहे. उजेड-अंधार आणि मोठे आकार तिला कळतात, छापील अक्षर वाचता येत नाही. घरचे किराणा दुकान आहे आणि संध्याकाळी गल्ल्यावर तीच बसते. डिझाइन का शिकायचे आहे, असे मी पहिल्या संभाषणात विचारले तेव्हा तिने नोटांची गोष्ट सांगितली. नव्या मालिकेतील शंभर आणि दोनशे रुपयांच्या नोटांची रुंदी सारखीच, ६६ मिलिमीटर आहे. लांबी अनुक्रमे १४२ आणि १४६ मिलिमीटर, म्हणजे फरक अवघा ४ मिलिमीटरचा. कोरी नोट असेल तर बोटांवर धरून अंदाज येतो, पण बाजारात फिरून मऊ झालेली, कडा दुमडलेली नोट हातात आली की तो अंदाज चुकतो. रिझर्व्ह बँकेने २०२० साली नोट ओळखून सांगणारे 'मणी' हे अ‍ॅप काढले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण समोर चार गिऱ्हाइके उभी असताना प्रत्येक नोट फोनपुढे धरणे दुकानदाराला कसे जमावे? "हे ४ मिलिमीटर कोणी ठरवले असतील, ताई? ठरवताना खोलीत माझ्यासारखे कोणी होते का? मला त्या खोलीत बसायचे आहे," असे ती म्हणाली. डिझाइन शिकण्याचे याहून चांगले कारण मी आजवर कोणाकडून ऐकलेले नाही.

तिला आम्ही पाठ्यपुस्तके पाठवली. ती पीडीएफ स्वरूपात होती. ती एनव्हीडीए नावाचा, कोणालाही फुकट मिळणारा स्क्रीन रीडर वापरते. संगणकावरचा मजकूर तो मोठ्याने वाचून दाखवतो आणि मराठीही बऱ्यापैकी वाचतो. आमच्या पुस्तकांपुढे मात्र त्याचे काहीच चालले नाही. दोन पुस्तके म्हणजे छापील पानांचे स्कॅन, अर्थात नुसती छायाचित्रे होती, त्यामुळे तो गप्पच राहिला. उरलेली पुस्तके जुन्या फाँटमध्ये जुळवलेली होती. ज्यांनी छापखान्यात किंवा डीटीपीच्या दुकानात काम केले आहे त्यांना हा प्रकार माहीत आहे. या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी अक्षरांचे आकार बसवलेले असतात. डोळ्यांना 'खुर्ची' दिसते, पण संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षरे, कंस आणि विरामचिन्हे यांची रांग असते आणि स्क्रीन रीडर तीच रांग इमानेइतबारे वाचत सुटतो. तिने मला फोनवरून अर्धे मिनिट ते ऐकवले. ज्या प्रकरणाचे नाव 'वापरणाऱ्याचा विचार' असे होते, त्याच प्रकरणातला तो उतारा होता. पहिले सत्र तिने धाकट्या भावाकडून पुस्तके वाचून घेत काढले. तो स्वतः बारावीत होता आणि त्याचीही परीक्षा जवळ आली होती.

ती पुस्तके युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकालाही देवनागरी अक्षर म्हणूनच कळेल अशा संकेतपद्धतीत द्यावीत, अशी विनंती मी संस्थेकडे केली तेव्हा पहिल्यांदा खर्चाचे आणि नंतर कॉपीराइटचे कारण पुढे आले. खर्चाचे कारण मी समजू शकते, कॉपीराइटचे नाही. २०१२ साली भारताच्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन दिव्यांग वाचकांसाठी पुस्तकाचे वाचता येईल अशा स्वरूपात रूपांतर करण्यास मोकळीक मिळाली आहे. दृष्टिहीनांच्या वाचनासाठी २०१३ साली माराकेश येथे जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याला २०१४ साली जगात सर्वांत आधी मान्यता देणारा देशही भारतच होता. २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' हे अशा पुस्तकांचे ऑनलाइन ग्रंथालय सुरू आहे. शिवाय आमच्या बाबतीत तर पुस्तकांचे हक्क संस्थेकडेच होते.

शेवटी आम्ही तीन शिक्षकांनी दिवाळीच्या सुटीत दोन पुस्तके पुन्हा टंकलिखित केली. मजकूर सोपा गेला, चित्रांनी मात्र दमवले. चित्राखाली 'आकृती ४ : खुर्ची' एवढेच लिहिलेले असेल तर ते न पाहणाऱ्याला काय कळणार? म्हणून मी वर्णन लिहायला बसले. बैठक जमिनीपासून ४२ सेंटिमीटर, पाठ किंचित मागे कललेली, हात नाहीत, मागचे पाय पाठीच्या पट्ट्यांशी एकसंध, बैठकीला वेताची वीण, असे लिहीत गेले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. या खुर्चीला हात नाहीत, म्हणजे गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिच्यातून उठताना आधार नाही. बारा वर्षे मी हे चित्र वर्गात दाखवत होते आणि ही गोष्ट एकदाही बोलले नव्हते. चित्र दाखवले की शिकवून झाले, असे वाटते. शब्दांत सांगायचे ठरवले की आपण नेमके कशाकडे लक्ष वेधतो आहोत ते ठरवावे लागते. काही चित्रांचे वर्णन करण्यासारखे काहीच सापडेना, कारण ती पान भरण्यासाठीच घातलेली होती. ती आम्ही काढून टाकली. पुढे कळले की कोयना खोऱ्यातले आमचे दोन विद्यार्थी हीच वर्णने आवर्जून वाचत होते, कारण तिथे नेटवर्क इतके मंद आहे की चित्रे उघडतच नाहीत. एका मुलीसाठी केलेल्या कामाचा उपयोग अख्ख्या वर्गाला झाला.

या ठिकाणी एक आक्षेप हमखास घेतला जातो. डिझाइन हा हाताने करून आणि एकमेकांचे काम पाहून शिकण्याचा विषय आहे. तो मुळात दुरून शिकवताच येत नाही, मग त्यात सर्वसमावेशकतेचा आग्रह कशाला, असे माझे काही जुने सहकारी म्हणतात. त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण हा आक्षेप इतिहासाला धरून नाही. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीची स्थापना १९६९ साली झाली आणि १९७१ साली तिचे पहिले विद्यार्थी शिकू लागले. प्रवेशासाठी कोणत्याही आधीच्या पदवीची वा प्रमाणपत्राची अट नव्हती. पुस्तके टपालाने येत, बीबीसीवरून पाठ प्रसारित होत आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना प्रयोगाचे साहित्य खोक्यात घालून घरी पाठवले जाई. या विद्यापीठाने १९७५ साली डिझाइनचा अभ्यासक्रम सुरू केला. नायजेल क्रॉस हे त्यामागचे एक प्रमुख अध्यापक होते. डिझाइन ही विज्ञान आणि मानव्यविद्या यांच्या जोडीने येणारी, विचार करण्याची एक स्वतंत्र रीत आहे आणि ती प्रत्येकाला शिकता येते, अशी मांडणी त्यांनी पुढे केली. २०१० साली त्याच विद्यापीठाने डिझाइनच्या नव्या अभ्यासक्रमासाठी ऑनलाइन स्टुडिओ उभा केला. विद्यार्थी आपापल्या कामाची छायाचित्रे तिथे लावतात, इतरांची पाहतात, त्यांवर अभिप्राय लिहितात. म्हणजे कार्यशाळेत शेजारच्या टेबलावर डोकावण्याची जी सोय असते, ती त्यांनी दुरूनही जपली आहे. आपल्याकडेही साधनांची वाण नाही. मुंबईच्या आयआयटीत १९६९ सालापासून डिझाइनचे शिक्षण दिले जाते. तिथल्या अध्यापकांच्या पुढाकाराने झालेले 'डी-सोर्स' हे संकेतस्थळ भारतीय कारागिरी आणि डिझाइन यांवरचे पाठ विनामूल्य देते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद मराठी माणसाला पाठ आहे.

माझे म्हणणे तर याच्याही पुढचे आहे. सर्वांना वापरता येईल असे डिझाइन शिकवायला दूरशिक्षणाइतकी योग्य जागा दुसरी नाही. महाविद्यालयाच्या कार्यशाळेत वीस वर्षांची, धडधाकट, चांगली दृष्टी असलेली चाळीस मुले एकमेकांसाठी वस्तू बनवत असतात. म्हातारे माणूस, पाठुंगळीला मूल घेतलेली बाई, एका हाताने काम करणारा माणूस त्यांना भेटतो तो पुस्तकातल्या आकृतीत. माझा आजचा विद्यार्थी मात्र त्याच्या घरी आहे. तिथे आजी आहे, शेजारी लहानपणी पोलिओ झालेले काका आहेत, उंबरठा आहे, अंगणापलीकडचे तीन पायऱ्यांचे न्हाणीघर आहे. पाहायला शिकवले तर घरच कार्यशाळा होते. म्हणून पहिल्या सत्रात मी एकच काम देते. घरातली किंवा शेजारची एक व्यक्ती निवडायची, तिच्या परवानगीने एक दिवस तिच्याबरोबर राहायचे, ती कुठे थांबते, कशाला हात लावते, कोणाला हाक मारते ते लिहायचे आणि ज्या वस्तूपाशी ती अडते तिची मापे घ्यायची. उपाय सुचवायचा नाही, नुसते टिपायचे. विद्यार्थ्यांना हे सुरुवातीला फार किरकोळ वाटते.

सावंतवाडीजवळच्या एका मुलाने आपल्या आजीचा दिवस टिपला. आजीला संधिवात आहे. न्हाणीतल्या नळाच्या गोल मुठीला तिने जुन्या लुगड्याची चिंधी घट्ट गुंडाळून वर सुतळी बांधलेली होती. चार वर्षे ती चिंधी तिथे होती, तो रोज त्याच नळावर आंघोळ करत होता आणि ती कशासाठी आहे हे त्याने कधी विचारले नव्हते. त्या दिवशी विचारले. ओल्या हातात गुळगुळीत मूठ फिरत नाही, फडके असले की बोटे न आवळता तळव्याने फिरवता येते, असे आजीने सांगितले. त्याने चिंधीची जाडी मोजली, बांधलेल्या गाठीचे चित्र काढले, मूठ फिरवताना आजीचे मनगट किती वळते त्याची मोबाइलवर छायाचित्रे घेतली आणि मला पाठवली. मी बोलून ध्वनिमुद्रित केलेला अभिप्राय त्याने आजीलाही ऐकवला. दुसऱ्या सत्रात त्याने नळाला लांब दांडीची मूठ बसवली. आजीने ती आठवडाभर वापरली आणि सांगितले की दांडी बरी आहे, पण कळशी ठेवताना तिला लागते, थोडी आखूड कर. कोणत्याही परीक्षकाने दिला नसता इतका नेमका अभिप्राय तिने दिला.

दुसऱ्या एका विद्यार्थ्याने शेजारच्या काकांच्या चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प योजला. दारापुढे प्रत्येकी १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या, म्हणजे ४५ सेंटिमीटर उंची. त्याने २ मीटर लांबीची फळी काढून दाखवली. तिचे चित्र सुबक होते, पण उतार चुकीचा होता. एक उंचीला निदान बारा लांबी हे प्रमाण धरले तर रॅम्पची लांबी ५ मीटर ४० सेंटिमीटर व्हायला हवी आणि अंगण होते जेमतेम ३ मीटर. हे गणित मी लगेच सांगितले नाही. हातगाडीवर दोन पोती धान्य ठेव आणि २ मीटरच्या फळीवरून वर चढवून बघ, असे कळवले. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला की दोघांनी रेटूनही गाडी मागे येते. मग त्याने अंगणातून वळण घेणारा, मध्ये सपाट थांबा असलेला रॅम्प आखला. आपल्याकडे सरकारी कार्यालयांपुढे जे रॅम्प बांधलेले दिसतात, त्यांतल्या अनेकांवर हातगाडीचा हा प्रयोग करून पाहिला असता तर बरे झाले असते.

याच संदर्भात एका गोष्टीविषयी माझे मत स्पष्टपणे नोंदवते. सर्वसमावेशक डिझाइन शिकवायचे म्हणून विद्यार्थ्यांच्या डोळ्यांवर दहा मिनिटे पट्टी बांधायची किंवा त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून आवारात फिरवायचे, अशी एक पद्धत रूढ झाली आहे. दहा मिनिटांत विद्यार्थ्याला घाबरणे आणि धडपडणे तेवढे कळते. वर्षानुवर्षे न पाहता घर, दुकान आणि संसार सांभाळणाऱ्या माणसाने कमावलेले कौशल्य त्यात कुठेच दिसत नाही आणि मागे उरते ती कणव. हिंगोलीच्या विद्यार्थिनीने वर्गाला तासभर दुकान चालवून दाखवले, डाळी वासाने आणि आवाजाने कशा ओळखायच्या ते सांगितले, तेव्हा मुलांनी जे प्रश्न विचारले ते पट्टी बांधून कधीच सुचले नसते.

आपल्या मातीतून आलेली तत्त्वेही हाताशी आहेत. अमेरिकेत रॉन मेस या वास्तुविशारदाने, जो स्वतः लहानपणी पोलिओ झाल्यापासून चाकाची खुर्ची वापरत असे, सर्वांसाठीच्या डिझाइनचा विचार मांडला आणि १९९७ साली त्याच्या सहकाऱ्यांसह सात तत्त्वे प्रसिद्ध केली. भारतासाठी २०११ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या पुढाकाराने पाच तत्त्वे ठरली : समान, सहज, सांस्कृतिक, सस्ता आणि सुंदर. पाचही शब्द मराठी विद्यार्थ्याला भाषांतराशिवाय कळतात. यांतला 'सस्ता' हा शब्द अमेरिकेच्या यादीत नाही आणि 'सांस्कृतिक'ही तितक्या ठळकपणे नाही. १९६८ साली जयपुरात रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी घडवलेल्या कृत्रिम पायाचे महत्त्व याच दोन शब्दांत आहे. परदेशी पाय बुटात घालायचा होता. हा पाय अनवाणी चिखलातून चालतो, उकिडवा बसतो आणि मांडी घालून पंगतीला बसतो. एवढे चांगले उदाहरण घरात असताना आपली पाठ्यपुस्तके परदेशी स्वयंपाकघरांच्या चित्रांनी का भरलेली असतात, हे मला कळत नाही.

कर्णबधिर विद्यार्थ्यांची अडचण वेगळी असते आणि तिच्याकडे तर कोणाचे लक्षच जात नाही. आमच्या चित्रफितींत शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलतात, खाली अक्षरे नसतात आणि यंत्राने आपोआप उमटवलेली मराठी अक्षरे 'उतार'चे 'उदार' करतात. ही अक्षरे एकदा तपासून द्यायला प्रत्येक पाठामागे दोन-तीन तास लागतात. थेट वर्गात सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा, तो एका शिक्षकाच्या पगारातून होणार नाही, संस्थेनेच तरतूद केली पाहिजे. मोबाइलवर शिकणाऱ्यांबद्दलही हेच. महागडे सॉफ्टवेअर असल्याशिवाय गृहपाठ देताच येत नाही, अशी अट घालणाऱ्या संस्थांनी पुठ्ठा, सुतळी आणि मोजपट्टी यांवर पहिले वर्ष सहज चालते हे एकदा करून पाहावे.

परीक्षेविषयी मात्र थांबून लिहिले पाहिजे, कारण वर्षभर घरापर्यंत आलेले शिक्षण परीक्षेच्या दिवशी अचानक तालुक्याच्या गावी, दुसऱ्या मजल्यावर जाऊन बसते. आमच्या एका विद्यार्थ्याला, जो चाकाची खुर्ची वापरतो, दोन वर्षांपूर्वी चार माणसांनी लाकडी खुर्चीत बसवून जिन्याने वर नेले. केंद्रावरच्या लोकांनी हे सद्भावनेनेच केले. पण उत्तरपत्रिका हातात येईपर्यंत तो घामाघूम झाला होता आणि तीन तास त्याने पाण्याला तोंड लावले नाही, कारण खाली स्वच्छतागृहाला जायचे तर पुन्हा चार माणसे लागणार होती. त्या केंद्राच्या तळमजल्यावर तीन वर्गखोल्या रिकाम्या होत्या. बैठक व्यवस्था मात्र आसन क्रमांकाने लावलेली होती.

याहून अवघड प्रश्न परीक्षेच्या स्वरूपाचा आहे. ज्याचा हात कापतो किंवा ज्याला दिसत नाही त्याला लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ मिळतो, तशी मार्गदर्शक तत्त्वे २०१८ पासून लागू आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार प्रकरणात, लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या उमेदवारालाही लेखनिक नाकारता येणार नाही, असा निकाल दिला. लेखनिक उत्तर लिहील, पण चित्र कसे काढील? आमच्याकडे अजूनही तीन तासांत कागदावर चित्र काढण्याची परीक्षा होते आणि तीवरून डिझाइनचे गुण ठरतात. डिझाइन म्हणजे हाताचे वळण, ही समजूत यामागे आहे. कोणासाठी, कशाची अडचण, त्यावर कोणकोणते पर्याय, त्यांतला हाच का निवडला आणि वापरून पाहिल्यावर काय बदलले, या निर्णयांत डिझाइन असते. ते निर्णय माणूस बोलून सांगू शकतो, मातीत किंवा पुठ्ठ्यात घडवून दाखवू शकतो, दुसऱ्याकडून काढून घेऊन त्याचे समर्थन करू शकतो. हिंगोलीच्या विद्यार्थिनीने गव्हाच्या कणकेत पाकिटाचा नमुना केला. प्रत्येक किमतीच्या नोटेला वेगळा कप्पा आणि कप्प्याच्या तोंडाशी बोटाला कळेल अशी खाच. तोंडी परीक्षेत तिने पाऊण तास त्यावर प्रश्नोत्तरे केली. तरीही रेखांकनाच्या लेखी परीक्षेत तिला शून्य गुण मिळाले, कारण पर्यायी परीक्षेची तरतूद नियमात नव्हती. ती तरतूद करून घेण्यासाठी आम्हाला पुढचे वर्ष घालवावे लागले आणि तिचेही एक वर्ष गेले.

हा सद्भावनेचा विषय आहे, असे समजून संस्था तो पुढे ढकलतात. कायद्याने तो केव्हाच बंधनकारक केला आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यानंतर आलेल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले, म्हणजे आजची खरी संख्या त्याहून मोठी असली पाहिजे. याच कायद्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या. अभियंते आणि वास्तुविशारद यांच्यासह सर्व व्यावसायिकांच्या शिक्षणात दिव्यांगत्व हा घटक असावा आणि सर्वांना वापरता येतील अशा वस्तूंच्या निर्मितीला चालना द्यावी, असेही त्यात म्हटले आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रातुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना इमारती आणि सेवा सहज वापरता येण्याचे, निकष केवळ शिफारशीवजा ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे निकष तीन महिन्यांत आखण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात त्याच न्यायालयाने, डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे म्हटले. ऑनलाइन वर्ग, पीडीएफ पुस्तके आणि प्रवेशाचे अर्ज या निकालाच्या कक्षेबाहेर आहेत, असे कोणी म्हणू शकेल असे मला वाटत नाही.

म्हणून प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि पालकांना, स्वतः दिव्यांग असोत वा नसोत, माझी विनंती आहे की शुल्क भरण्यापूर्वी संस्थेकडे एका पाठाची नमुना फाइल मागावी आणि त्यातला मराठी मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवून पाहावा. अक्षरे जशीच्या तशी आली तर पुस्तक युनिकोडमध्ये आहे. चिन्हांचा गोंधळ उमटला किंवा मजकूर निवडताच आला नाही, तर ते पुस्तक कोणाला तरी वाचता येणार नाही. याला एक मिनिट लागते. परीक्षा केंद्र तळमजल्यावर आहे का आणि चित्र काढता न येणाऱ्याची परीक्षा कशी घेता, हेही विचारावे. दहा पालकांनी विचारले तर संस्था उत्तर शोधतील. शासनाने आणि विद्यापीठांनी दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमाला मान्यता देतानाच ही तपासणी करावी. अभ्यासक्रम तयार झाल्यावर दुरुस्त करायचा म्हणजे बांधून झालेल्या भिंतीत दार पाडायचे. आम्ही दोन पुस्तकांसाठी अख्खी सुटी घालवली. लिहितानाच युनिकोड वापरला असता आणि चित्राबरोबर वर्णन लिहिले असते तर वेगळा वेळ असा फारसा लागलाच नसता.

शेवटी एक विनंती आपल्याकडेही आहे. मराठी दैनिकांच्या ई-पेपरमध्ये छापील पान पुष्कळदा चित्ररूपात दिसते आणि स्क्रीन रीडरला ते वाचता येत नाही. हिंगोलीची विद्यार्थिनी आता तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्याविषयी लिहू का, असे मी विचारले तेव्हा तिने गाव आणि नाव न देण्याच्या अटीवर होकार दिला आणि लगेच विचारले, "छापून आले तर मला ते वाचता येईल का?" आपण हे पत्र प्रसिद्ध केलेत तर त्याचा मजकूर आपल्या संकेतस्थळावर युनिकोडमध्येही ठेवावा. तिचा भाऊ सध्या शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरला असतो आणि शनिवारीच घरी येतो.

आपली विश्वासू,
डिझाइन विषयाची एक शिक्षिका, सातारा